गंधकाचे नाव, रक्तदाबाची गोळी आणि माझी चूक



शेतकी खात्यात माझी तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत मी शेतकऱ्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो, की अर्धवट माहितीवर औषध मारू नका. आधी विचारा, मग पंप खांद्याला लावा. आणि नेमकी हीच चूक मी माझ्या स्वतःच्या घरात केली. पिकाचे नुकसान एका हंगामात भरून निघते. माणसाचे तसे नसते. म्हणून हा लेख.

आमचे गाव तासगाव तालुक्यातले. दोन एकर द्राक्षबाग आणि थोडा ऊस. सारा व्याप थोरले बंधू आणि वहिनी सांभाळतात. २००४ साली वहिनींना लघवीची जळजळ होऊ लागली, तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी ताप चढला, अंगभर लालभडक पुरळ उठले, खाजेने रात्र रात्र झोप नाही. गोळ्या बंद केल्या, आठ-दहा दिवसांत सारे उतरले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, ‘सल्फाची ॲलर्जी’. तो कागद वहिनींनी देव्हाऱ्याच्या फळीवर जपून ठेवला.

२०१८ साली गावात तपासणी शिबिर झाले. वहिनींचा रक्तदाब १७०/१०० निघाला. पहिल्या गोळीने पुरेसा उतार पडेना, म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी दिली. दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा वहिनींनी पाकीट माझ्यापुढे धरले.

“भावजी, तुम्ही शिकलेले. ही गोळी मला चालंल का, बघा बरं.”

मी चष्मा लावून बारीक अक्षर वाचले. हायड्रोक्लोरोथायझाइड हे सल्फोनामाइड गटातले, एवढे मला ठाऊक होते. मी ठासून सांगितले, “वहिनी, ही सल्फाच्याच जातीची. तुम्हाला चालायची नाही. बंद करा.”

दुसऱ्या दिवशी मी नोकरीच्या गावी परतलो. मला वाटले, वहिनी डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतील. त्यांना वाटले, साहेबांनी सांगितले म्हणजे झाले. काही दुखत नव्हते, खुपत नव्हते. तीन महिने एकही गोळी पोटात गेली नाही.

फेब्रुवारीत द्राक्षांची काढणी चालू होती. पहाटे मजुरांच्या भाकरी थापताना वहिनींचा डावा हात परातीतच थांबला. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले. दादांनी वेळ न दवडता जीप काढली आणि मिरजेला नेले. दाब २१०/१२० होता. जीव वाचला. आज वहिनी चालतात, बोलतात, देवळात जातात. पण डाव्या हाताला पूर्वीची ताकद नाही. भाकरी आता सून थापते.

मिरजेच्या डॉक्टरांनी विचारले, “गोळी कोणी बंद केली?” दादांनी खाली पाहिले. मी म्हणालो, “मीच.” डॉक्टर रागावले नाहीत. मला बाजूला बसवून त्यांनी सारे समजावून दिले. ते आणि पुढे मी स्वतः वाचून घेतले ते, असे दोन्ही मिळून येथे मांडतो.

गंधक वेगळे, सल्फा वेगळे

सगळा घोटाळा नावापासून सुरू होतो. गंधकाला इंग्रजीत सल्फर म्हणतात. त्यामुळे ज्या नावात ‘सल्फ’ आले ते सारे एकच, असा आपला समज होतो.

आपल्या शेतात पाहा. भुरीसाठी आपण द्राक्षावर गंधकाची भुकटी धुरळतो. भुईमुगाला जिप्सम देतो, ते कॅल्शियम सल्फेट. बोर्डो मिश्रणातले मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पिवळ्या पडलेल्या भाताला झिंक सल्फेट. कांद्याचा आणि लसणाचा उग्र वास गंधकाच्याच संयुगांचा. आपल्या अंगातल्या प्रथिनांतही गंधक असते. गंधकच सोसत नाही असा माणूस जगूच शकणार नाही.

बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, गुळाचा रंग खुलावा म्हणून काही जण हायड्रो पावडर टाकतात. यांतून येणारे सल्फाइट दम्याच्या काही माणसांना बाधते, छाती भरून येते. बागेत भुकटी धुरळताना डोळे झोंबतात, कातडी चुरचुरते. हे त्रास खरे आहेत, पण त्यांचा सल्फा औषधाच्या ॲलर्जीशी संबंध नाही.

‘सल्फेट’ या शब्दाचेही तसेच. बाळंतिणीच्या रक्तवाढीची गोळी फेरस सल्फेटची असते. दम्याच्या पंपात सालब्युटामॉल सल्फेट असते. आणि शेतकऱ्याने तर एक नाव कधीच विसरू नये, ते म्हणजे ॲट्रोपीन सल्फेट. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झाली की त्यावर हेच इंजेक्शन देतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. अशा वेळी ‘याला सल्फा चालत नाही’ म्हणून कोणी नातेवाइकाने या इंजेक्शनाला आडकाठी केली, तर जीव जाईल. सल्फेट म्हणजे सल्फा औषध नव्हे, हे घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

सल्फा औषध आले कोठून

सल्फा हे जंतू मारणाऱ्या औषधांच्या एका गटाचे नाव आहे. जर्मनीत गेरहार्ड डोमाक नावाचे शास्त्रज्ञ रंगाच्या कारखान्यातली द्रव्ये उंदरांवर तपासून पाहत होते. १९३२ साली एका लाल रंगाने जंतूंची बाधा झालेले उंदीर वाचले. तेच प्रॉन्टोसिल. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी दाखवले, की खरे काम त्या रंगातल्या सल्फानिलामाइड या भागाचे आहे. डोमाक यांना १९३९ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी याच औषधांनी असंख्य माणसे वाचवली.

आजही को-ट्रायमॉक्साझोल ही गोळी वापरात आहे. हिवतापाच्या काही औषधांत सल्फाडॉक्सिन असते. भाजल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमात पुष्कळदा सिल्व्हर सल्फाडायझिन असते. जनावरांच्या हगवणीवर सल्फाच्या मोठ्या गोळ्या देतात, त्याही आपल्या ओळखीच्या. ज्याला सल्फाची ॲलर्जी आहे त्याने खरे दूर राहायचे ते या औषधांपासून. भाजल्याचे मलम लावतानाही डॉक्टरांना सांगायला विसरू नये.

मग रक्तदाबाच्या गोळीत हे नाव कसे?

सल्फानिलामाइड घेणाऱ्या रोग्यांना लघवी जास्त होते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९४९ साली अमेरिकेत विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदय थकून अंगाला सूज आलेल्या रोग्यांना ते देऊन पाहिले. सूज उतरली, पण औषध त्या मात्रेत फार दिवस देण्याजोगे नव्हते. मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत फेरफार करून जंतू मारण्याचा गुण काढून टाकला आणि लघवी वाढवण्याचा गुण ठेवला. त्यातून १९५० नंतरच्या दशकात क्लोरोथायझाइड आणि त्यापाठोपाठ हायड्रोक्लोरोथायझाइड निघाले. आज रक्तदाबावर आणि सुजेवर देतात त्या क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड, फ्युरोसेमाइड या गोळ्याही त्याच मोठ्या कुळातल्या. आपण त्यांना ‘लघवीची गोळी’ म्हणतो.

म्हणजे मी पाकिटावर वाचले ते कूळ खरेच होते. चूक झाली ती पुढच्या विचारात.

मिरजेचे डॉक्टर मला म्हणाले, “साहेब, तुम्ही शेतकीचे पदवीधर. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची, तंबाखू आणि धोतरा एकाच कुळातले ना? मग धोत्र्याने एखाद्याला भ्रम झाला, तर तुम्ही त्याचे वांगे बंद करता का?”

मला उत्तर सुचेना.

कूळ एक असले तरी बाधा करणारा भाग एक नसतो. सल्फाच्या जंतुनाशक औषधात रेणूच्या एका टोकाला विशिष्ट नत्राचा गट असतो. शरीरात त्याचे रूपांतर होऊन जे द्रव्य तयार होते, त्यावर अंगाची संरक्षण-यंत्रणा उसळते. दुसऱ्या टोकालाही एक कडे असते, त्यावरूनही काहींना गांधी उठतात. लघवीच्या गोळ्यांत या दोन्ही जागा तशा नसतात. त्यामुळे सल्फावर चिडलेले अंग या गोळीला त्याच खुणेने ओळखील, असे म्हणायला आधार राहत नाही.

आकडे काय सांगतात

२००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सल्फाच्या जंतुनाशक औषधाने ॲलर्जी झाली होती, अशा ९६९ जणांना पुढे लघवीच्या गोळीसारखे दुसरे सल्फोनामाइड दिले गेले होते. त्यांतल्या ९६ जणांना, म्हणजे शंभरात सुमारे दहांना, काही ना काही ॲलर्जी दिसली. ज्यांना आधी सल्फाचा त्रास नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी होते.

एवढेच वाचले तर कोणीही म्हणेल, मग धोका आहेच की! पण पुढची ओळ महत्त्वाची आहे. याच सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना पेनिसिलिन दिले, तेव्हा शंभरात सुमारे चौदा जणांना त्रास झाला. पेनिसिलिनचे आणि सल्फाचे तर काही नाते नाही. अर्थ असा, की काही माणसांचे अंगच औषधांना हळवे असते. एका औषधाने बाधा झालेल्याला दुसऱ्या कोणत्याही औषधाने बाधा होण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो. तो दोष कुळाचा नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. सल्फाची ॲलर्जी आहे एवढ्याच कारणाने लघवीची गोळी वर्ज्य ठरत नाही. पण अशा माणसाला नवी गोळी देताना डॉक्टरांनी नजर ठेवावी, हे मात्र बरोबर. या गोळ्यांच्या माहितीपत्रकांत अजूनही सल्फाविषयी इशारा छापलेला असतो, म्हणून एखादे डॉक्टर ती टाळून दुसरी देतील. त्यातही काही वावगे नाही, कारण दुसऱ्या गोळ्या पुष्कळ आहेत.

कोणत्या गोळीचे काय

ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, स्पायरोनोलॅक्टोन, यांपैकी एकही सल्फाच्या कुळातली नाही. ॲम्लोडिपीनच्या पाकिटावर ‘बेसिलेट’ असे लिहिलेले असते, त्यालाही भिऊ नये.

जोडगोळ्यांकडे मात्र लक्ष द्यावे. बऱ्याच जोडगोळ्यांच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असते, ते पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइडचे. पण अक्षरावर विसंबू नये. पाकिटावर घटकांची नावे छापलेली असतात, ती औषधाच्या दुकानदाराकडून वाचून घ्यावीत. किराणाच्या पिशवीत पाकीट अर्धे फाडून ठेवण्याची आपली सवय असते, त्यात नावच नाहीसे होते. शेवटची गोळी संपेपर्यंत नावाचा तुकडा जपून ठेवावा.

त्रास झाला म्हणजे ॲलर्जीच, असे नाही

रक्तदाबाच्या गोळ्यांचे काही त्रास ठरलेले आहेत. ॲम्लोडिपीनने घोट्याला सूज येते. एनालाप्रिल-रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो. लघवीच्या गोळीने वारंवार उठावे लागते, आणि उन्हाळ्यात घाम किंवा जुलाब झाले तर अंगातले क्षार कमी होऊन भोवळ येते. याच गोळीने काहींची उघडी कातडी उन्हात लवकर लाल होते. आपल्याला दिवसभर रानात राहायचे असते, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टापर असावी. हे सारे डॉक्टरांना सांगितले, की मात्रा किंवा गोळी बदलता येते. याला ‘ॲलर्जी’ म्हणून कायमचे लिहून टाकले, तर एक चांगले औषध आपल्याला नाहक बंद होते.

खरे सावध कोणी राहावे

पुढील माणसांनी डॉक्टरांना आधी सांगितल्यावाचून लघवीची गोळी घेऊ नये:

१. ज्याला त्याच गोळीने पूर्वी पुरळ, सूज किंवा धाप लागली आहे. त्याने ती पुन्हा घ्यायचीच नाही.

२. ज्याला कोणत्याही औषधाने अंगावर फोड येऊन कातडी सोलली होती, तोंड आले होते, डोळे लाल झाले होते किंवा इस्पितळात राहावे लागले होते. अशा माणसाच्या बाबतीत निर्णय मोठ्या डॉक्टरांनीच घ्यावा.

नवी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास कोंडला, तापासह पुरळ आले, फोड उठले, किंवा डोळा दुखून अचानक धूसर दिसू लागले, तर पुढची गोळी न घेता ताबडतोब दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. पाकीट बरोबर न्यावे.

याखेरीज इतर कोणत्याही शंकेसाठी नियम एकच: आधी विचारायचे, मग बंद करायचे. रक्तदाब वाढला तरी पुष्कळदा कळत नाही, आणि काही गोळ्या एकाएकी सोडल्या तर दाब उसळी मारतो. गावातल्या उपकेंद्रात दाब मोजून मिळतो. आशाताईंना किंवा सिस्टरना विचारले, तरी त्या डॉक्टरांशी बोलून सांगतात.

आणि तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नये. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्यात तपासणीचाही वेळ जातो. म्हणून एकेक मिनिट मोलाचे.

ॲलर्जीचा सातबारा

वहिनींच्या कागदावर ‘सल्फाची ॲलर्जी’ एवढेच लिहिले होते. जमिनीच्या उताऱ्यावर नुसते ‘जमीन आहे’ असे लिहून चालेल का? गट नंबर, क्षेत्र, पीक, सारे लागते. तशीच ही नोंद असावी. एका जाड कागदावर लिहावे: औषधाचे पूर्ण नाव, कोणत्या साली घेतले, कितव्या दिवशी त्रास झाला, काय झाले (पुरळ, ताप, सूज, फोड), इस्पितळात ठेवावे लागले का, आणि त्यानंतर कोणकोणती औषधे विनात्रास घेतली. ही शेवटची ओळ फार उपयोगी पडते. तो कागद रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि दर वेळी दवाखान्यात न्यावा.

वहिनींना मिरजेच्या डॉक्टरांनी आधी ॲम्लोडिपीन आणि टेल्मिसार्टन दिले. दाब पुरता खाली येईना, तेव्हा त्यांनी क्लोरथॅलिडोन अगदी थोड्या मात्रेत सुरू केले आणि दोन आठवडे लक्ष ठेवले. रोज संध्याकाळी सून हातापायांवर, पाठीवर पुरळ आहे का, ते पाही. काही उठले नाही. ज्या कुळाची गोळी मी बंद करायला लावली, त्याच कुळाची गोळी वहिनी आजही घेतात आणि दाब १३०/८० च्या आसपास राहतो.

मागच्या दिवाळीला मी गेलो, तेव्हा त्यांनी नवे पाकीट माझ्यापुढे धरले. सवयच ती. मी चष्मा काढलाच नाही.

“वहिनी, हे डॉक्टरांना विचारू. उद्या मी बरोबर येतो.”

त्या हसल्या. म्हणाल्या, “आता शिकलात, भावजी.”

वाचकहो, आपल्या घरातही कोणी शिकलेला असेल. मास्तर असेल, ग्रामसेवक असेल, पुण्याला नोकरी करणारा मुलगा असेल. त्याला पाकीट जरूर दाखवा, नाव वाचून घ्या, शंका कागदावर लिहून घ्या. पण गोळी बंद करायची की चालू ठेवायची, हे त्याच्याकडून ठरवून घेऊ नका. आणि तुम्हीच ते शिकलेले असाल, तर माझी गोष्ट आठवा. वहिनींना घेऊन तालुक्याला जायला मला त्या दिवाळीत एक दिवस काढता आला असता.